ऊन छपरावरच अडवा

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं एक गाऱ्हाणं मार्च संपता संपता सुरू होतं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही: दुपार कशीबशी निघते, रात्र काही निघत नाही. दहा वाजता बाहेर वारा सुटतो, खालच्या मजल्यावरची मंडळी खिडक्या उघडून निवांत झोपतात आणि वर मात्र पंखा पाचवर ठेवूनही अंगावर गरम हवेचाच झोत येतो. मग पंखा बदलतो, कूलर येतो, पुढच्या वर्षी एसी येतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘दीड टनाचाच घ्यायला हवा होता’ अशी चर्चा होते. एवढा खर्च होतो, पण खोली ज्याच्यामुळे तापते त्या छपराकडे कोणी बघत नाही.

या लेखात घराच्या दोन टोकांचा विचार केला आहे. वरचं टोक म्हणजे छप्पर, मग ते स्लॅबचं असो, पत्र्याचं असो की कौलांचं. खालचं टोक म्हणजे जोतं, जिथून ऊन येत नाही पण ओल येते. सांगायचं आहे ते एवढंच, की घरात शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा तिला शिरू न देणं स्वस्त पडतं. मात्र कामांचा क्रम चुकला तर तेही पैसे पाण्यात जातात.

छत तापतं म्हणजे काय होतं

एप्रिल-मेच्या भर दुपारी आपल्याकडे सपाट गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९०० ते १००० वॉट इतकं ऊन पडतं. पाचशे चौरस फुटांची गच्ची धरली, तर ती होते साधारण ४६ चौरस मीटर. म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला डोक्यावर हजार वॉटच्या चाळीसेक इस्त्र्या चालू करून मांडून ठेवल्यासारखं असतं. भिंतींना तिरपं ऊन लागतं, तेही काही तासच. छपराला ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागतं. चार मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या घरांत एवढा फरक पडतो तो यामुळेच.

शेवाळ वाळून काळी पडलेली गच्ची यातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त ऊन पिऊन टाकते. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा अशा गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज पोहोचतो. काँक्रीट उष्णता अडवत नाही, फक्त उशीर लावतं. पाच-सहा इंची स्लॅबमधून उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला तीन ते पाच तास लागतात. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहा-सातला खोलीत उतरतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहतं.

त्यात पंख्याची गंमत अशी, की छताला लागून गरम हवेचा थर साचलेला असतो आणि पंखा तोच खाली ढकलतो. शिवाय तापलेलं छत झळा टाकतं. आपल्या शरीराला नुसतं हवेचं तापमान जाणवत नाही, आजूबाजूच्या पृष्ठभागांचंही जाणवतं. भिंतीवरचा तापमापक ३४ अंश दाखवत असतानाही त्याहून जास्त असल्यासारखं वाटतं, कारण डोक्यावरची स्लॅब चाळिशीत असते.

दोष छपराचा की भिंतींचा, हे घरच्या घरी ठरवता येतं. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून तळहात छताला लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला लावा आणि शेवटी आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला. आतली भिंत ही तुमची तुलनेची खूण. छत तिच्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पश्चिमेची भिंतच जास्त तापलेली असेल, तर आधी त्या बाजूला सावलीची सोय करा: झाड, वेल, बांबूची चिक, खिडकीवर पुढे काढलेला छज्जा.

आधी गळती, मग गारवा

गच्चीवर काहीही लावण्याआधी ती गळत नाही याची खात्री करून घ्या. गळक्या गच्चीवर इन्सुलेशनचा थर टाकला, की पाणी आत अडकतं, सळ्या गंजतात आणि गळती नेमकी कुठून होते ते पुढे शोधताही येत नाही. पाणी जाण्याच्या तोंडाला गोणपाटाचा बोळा घालून गच्चीवर दोन इंच पाणी भरा आणि ते २४ ते ४८ तास तसंच ठेवा. खालच्या छताला ओलीचे डाग दिसले तर आधी वॉटरप्रूफिंग. पाणी काढल्यावर कुठे डबकं राहतं का, तेही बघून खडूनं खूण करून ठेवा. गच्चीचा उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यातला गोलावा फुटलेला असेल, तर निम्म्या गळत्यांचं मूळ तिथेच सापडतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आम्ही ब्रिकबॅट कोबा केलाय, आता गरम होणार नाही’ असं मिस्त्रीही सांगतात आणि मालकही. कोबा उतार देतो आणि पाणी रोखायला मदत करतो, पण विटांचे तुकडे आणि सिमेंट मिळून उष्णता अडते ती फार तर तिसरा हिस्सा. शिवाय चार-साडेचार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलंच पाहिजे.

पहिला उपाय पांढरा

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे छपराचा रंग. नवा पांढरा पृष्ठभाग ७५-८० टक्के ऊन परत पाठवतो. अहमदाबादनं २०१३मध्ये उष्माघाताविरुद्ध शहराचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या घरांच्या छपरांना पांढरा चुना देण्याची मोहीम त्याला जोडली. तेलंगणानं २०२३मध्ये थंड छपरांसाठी राज्याचं स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याला धोरणाची वाट बघायचं कारण नाही.

स्लॅबच्या गच्चीसाठी तीन पर्याय आहेत.

चुना: कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवा. अॅल्युमिनिअमचं भांडं वापरू नका, चुना ते खातो. चुना फुलताना उकळतो, तेव्हा मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि स्वतः चष्मा आणि हातमोजे घाला. डोळ्यात उडालेला चुना इजा करतो. सकाळी तो फडक्यातून गाळून त्यात डिंक किंवा चुन्यात घालायचं बाजारी चिकटद्रव्य मिसळा. गच्ची घासून, धुऊन, किंचित ओलसर असताना कुंच्यानं दोन हात द्या. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, भर उन्हात चुना पापुद्र्यासारखा सुटतो. हा लेप एक उन्हाळा टिकतो, पावसात धुऊन जातो. गच्चीवरचं पाणी टाकीत साठवत असाल, तर पहिल्या काही पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका.

उष्णता परावर्तित करणारा रंग: चुन्याच्या कितीतरी पट महाग, पण काही वर्षं टिकतो. डब्यावर ‘एसआरआय’ नावाचा आकडा असतो. या मोजपट्टीवर ठरावीक काळा पृष्ठभाग शून्य आणि ठरावीक पांढरा शंभर धरलेला असतो. निदान ८०च्या वरचा आकडा बघून घ्या. आकडाच छापलेला नसेल, तर तो डबा नुसता पांढऱ्या रंगाचा समजा. आणि फिकट निळा, फिकट हिरवा असल्या मोहात पडू नका, छटा आली की परावर्तन घटलं.

चायना मोझॅक किंवा पांढऱ्या लाद्या: वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचंच असेल तर वरचा थर म्हणून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं काम करून घ्या. ते पंधरावीस वर्षं सहज जातं, धुता येतं. गडद लाद्या मात्र लावू नका.

पांढऱ्या छपराचा शत्रू धूळ. दरवर्षी होळीच्या सुमाराला गच्ची एकदा घासून धुतली नाही, तर दोनतीन वर्षांत ती पुन्हा मातकट होते आणि पैसे गेले असं वाटायला लागतं. ‘हिवाळ्यात घर गार पडेल त्याचं काय?’ असंही लोक विचारतात. आपल्याकडची थंडी थोडे आठवडे असते आणि उन्हाळा तीन-चार महिने. हिशेब उन्हाळ्याच्याच बाजूनं लागतो.

सावली आणि पाणी

रंगाच्या जोडीला सावली. शेडनेट बांधायची तर ती गच्चीला चिकटवू नका, सहा-सात फूट उंच बांधा म्हणजे खालून वारा खेळेल. रात्री ती गुंडाळता आली तर उत्तम, गच्चीची उष्णता आकाशाकडे मोकळी निघून जाते. गळतीला कंटाळून अनेक सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. तिचा सावलीसाठीही उपयोग होतो, पण बाजू उघड्या असतील तरच. चारही बाजू पत्र्यानं बंद केल्या की ती भट्टी होते. अशा शेडला महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते हेही लक्षात ठेवा.

सौर पॅनेल हाही सावलीचा चांगला मार्ग. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, म्हणजे तीन किलोवॉटच्या पॅनेलांखाली तीनशे चौरस फूट गच्ची झाकली जाते. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. फक्त ठेकेदाराला एक अट घाला: पॅनेलच्या पायांसाठी वॉटरप्रूफिंगला भोकं पाडायची नाहीत. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवता येतात, आणि वाऱ्याला पुरेल इतकं त्यांचं वजन आहे की नाही याचा हिशेब ठेकेदारानं लेखी द्यायला हवा.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथे हा उपाय परवडत नाही, आणि भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर गार पाणी ओतलं तर बारीक भेगाही पडतात. पाणी वापरायचंच असेल तर ऊन कलल्यावर, गोणपाट अंथरून ते ओलं ठेवण्यापुरतंच वापरा.

इन्सुलेशन म्हणजे नेमकं काय लावायचं

रंग आणि सावली ऊन परतवतात. तरी जे आत शिरतं, त्याला अडवायचं काम इन्सुलेशनचं. त्याचं सगळं बळ आत अडकवून ठेवलेल्या बारीक बारीक हवेच्या कप्प्यांत असतं. ‘एक्सपीएस’ नावाचा दाबलेल्या फोमचा ५० मिलीमीटरचा, म्हणजे दोन इंची बोर्ड उष्णतेला जेवढा अडथळा करतो, तेवढा करायला दोन-अडीच मीटर जाडीचं काँक्रीट लागेल.

ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छपराच्या ‘यू-मूल्या’ची मर्यादा १.२ ठेवलेली आहे. यू-मूल्य म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे किती वॉट उष्णता आत येते तो आकडा. तो जितका लहान तितकं छप्पर चांगलं. आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबचा हा आकडा तीनच्या वर असतो. एक इंची एक्सपीएस टाकला की तो एकच्या खाली येतो आणि जवळजवळ पाऊण उष्णता अडते. दुसरा इंच टाकल्यावर आणखी जेमतेम दहा टक्क्यांची भर पडते. तेव्हा बजेट कमी असेल तर ‘दोन इंच जमत नाही म्हणून काहीच नको’ असं करू नका. पहिला इंच सगळ्यात मोलाचा आहे.

थर स्लॅबच्या वर टाकायचा की खालून? जमेल तिथे वरच. वर टाकला की स्लॅब स्वतःच सावलीत राहते, रोजचं प्रसरण-आकुंचन कमी होतं आणि भेगाही कमी पडतात. थरांचा क्रम असा: स्लॅब, तिच्यावर उताराचा कोबा, मग वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएस बोर्ड, त्यावर पाणी झिरपू देणारं कापड आणि शेवटी पांढऱ्या लाद्या किंवा काँक्रीटचा पातळ थर. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर बसल्यामुळे त्या थराचंही उन्हापासून रक्षण होतं. बोर्डाचे सांधे एकमेकांत बसणारे असावेत. फटी राहिल्या तर उष्णता तिथून उतरते.

इथे फसवणूक होते ती मालात. एक्सपीएसच्या नावाखाली साधा थर्मोकोल खपवला जातो. ओळखायचं कसं? तुकडा मोडून बघा. थर्मोकोल मोडला की साबुदाण्यासारखे मणी सुटे होतात, एक्सपीएस सलग, गुळगुळीत तुटतो. मणी सुटणारा माल पाणी धरतो, म्हणून उघड्या गच्चीवर तो चालत नाही. माल आल्यावर तो उन्हात उघडा पडू देऊ नका आणि काळ्या ताडपत्रीखालीही ठेवू नका, बोर्ड वाकडे होतात.

दुसऱ्याच्या मालकीची गच्ची असेल, सोसायटी तयार नसेल, तर खालून इन्सुलेशन करता येतं: छताला बोर्ड किंवा रॉकवूलच्या गाद्या आणि त्याखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग. यात खोलीची उंची तीन-चार इंचांनी कमी होते. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगलेला हवा, सीलिंगच्या सांगाड्याला नको. वायरी नळीतून नेलेल्या असाव्यात. आणि साधा थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. ग्लासवूल किंवा रॉकवूल बसवताना पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क, हातमोजे घाला, त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि श्वासातून आत जातात. उंदरांना ही गादी आयती घरट्यासाठी मिळते, तेव्हा पाइप आणि वायरींच्या कडेची भोकं आधी बुजवा.

पत्र्याचं घर

पत्रा स्लॅबच्या उलट वागतो. तो सकाळी नऊला तापतो, संध्याकाळी सातला गार होतो. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, पण पहाटे थंडी वाजते. म्हणून इथे मुद्दा झळांचा आणि हवेचा.

पहिलं काम इथेही पांढऱ्या परावर्तक रंगाचं, पण पत्र्यावर चुना नको. लोखंडी पत्र्याला तो धरत नाही आणि जस्ताचा मुलामा खातो. गंज घासून, प्रायमर देऊन मग रंग द्या. सिमेंटचा पत्रा असेल तर मात्र सावध. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस आहे. त्याला तारेच्या ब्रशनं कोरडं घासू नका, ग्राइंडरनं कापू नका, भोकं पाडू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कित्येक वर्षांनंतर गंभीर आजार होतात. ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून रंगाचा हात देणं हाच सुरक्षित मार्ग. आणि पत्र्यावर पाय देऊन चढू नका. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनानं फुटतो. शिडीवरून किंवा आडव्या फळीवर उभं राहून काम करा.

दुसरं काम पत्र्याखाली छत करण्याचं. बांबूच्या तट्ट्या, प्लायवूड, सिमेंट बोर्ड, काहीही चालेल, पण पत्रा आणि हे छत यांत निदान सहा इंचांची पोकळी सोडा आणि तिच्या दोन्ही टोकांना हवा जायला जाळी ठेवा. एका बाजूनं वारा शिरला आणि उंचावरच्या बाजूनं गरम हवा निघून गेली, तर छताखाली लगेच उतार पडतो. पोकळीत चकचकीत फॉइल लावणार असाल, तर ती पत्र्याखाली, चमकती बाजू जमिनीकडे करून, पोकळी ठेवून लावा. फॉइल कशाला चिकटली की तिचा उपयोग संपला, कारण ती झळा अडवते, स्पर्शानं येणारी उष्णता नाही. चमकती बाजू वर केली तर धूळ बसून दोन वर्षांत ती निकामी होते.

छप्पर नवंच घालायचं असेल, तर आतमध्ये फोम भरलेले ‘पफ पॅनेल’ साध्या पत्र्यापेक्षा महाग पडतात, पण पत्रा, इन्सुलेशन आणि छत तिन्ही एकात होतं. फोम आग न पसरवणाऱ्या प्रकारचा आहे असं लेखी घ्या. छपरावर कडबा, पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट पसरून उन्हाळा काढण्याची पद्धत खेड्यांत आहे. त्यानं गारवा मिळतो हे खरं, पण शेजारच्या चुलीची एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा छपरावर वेल चढवा. भोपळा, दोडका, घेवडा यांचा मांडव पत्र्यापासून फूटभर वर केला तर उन्हाळ्यात सावली आणि वर भाजी.

कौलं, माळा आणि धाबं

मंगलोरी कौलांच्या घरात माळा हा मुळातच इन्सुलेशनचा थर आहे. कौलं तापतात, पण गरम हवा फटींतून निघून जाते आणि माळ्याची फळ्यांची जमीन खालच्या खोलीला झळांपासून वाचवते. जुन्या वाड्यांत तक्तपोशीवर मातीचा थर असायचा तो यासाठीच. आता माळ्यावर खोली काढताना लोक कौलांच्या फटी बुजवतात, प्लास्टिक ठोकतात आणि मग माळा तापतो. माळा वापरायचा असेल तर वासे आणि रिपांच्या खालून बोर्ड लावा, पण कौल आणि बोर्ड यांच्यातली वाट पागोळीपासून आढ्यापर्यंत मोकळी ठेवा. माळा नुसता सामानासाठी असेल, तर फळ्यांवर रॉकवूलच्या गाद्या टाका आणि वरची हवा खेळती ठेवा. त्यानं निम्म्या खर्चात तेच काम होतं.

मराठवाडा, सोलापूर, खानदेशातल्या धाब्याच्या आणि माळवदाच्या घरांचा गारवा सगळ्यांना आठवतो. तो फूट-दीड फूट मातीचा आणि जाड भिंतींचा होता. पण त्याच जड छपरांनी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गाडली. म्हणून ‘गारव्यासाठी गच्चीवर माती टाकूया’ हा सल्ला कितीही आपुलकीनं कोणी दिला तरी ऐकू नका. गच्चीवर बाग करायची असेल तरी ओल्या मातीचं वजन इंजिनिअरकडून तपासून घ्या. दोन इंची एक्सपीएसचं वजन दर चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही. गारव्यासाठी आता वजन उचलावं लागत नाही.

सोसायटीत कोणाचं काम?

गच्ची सोसायटीची असते, वरच्या मजल्यावरच्या सभासदाची नाही. त्यामुळे परवानगीशिवाय तिथे काही करता येत नाही. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि कठड्याची दुरुस्ती, तसंच पावसाच्या गळतीनं वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान भरून काढण्याचा खर्च सोसायटीनं करायचा असतो. वॉटरप्रूफिंग निघणारच असेल, तर तेव्हाच पत्र देऊन इन्सुलेशनचा आणि पांढऱ्या लाद्यांचा विषय सभेपुढे आणा. वॉटरप्रूफिंगसाठी मजूर, वाहतूक, खोदाई हे खर्च होणारच असतात, त्यात बोर्डाची भर तुलनेनं थोडी असते. फरकाचे पैसे वरच्या मजल्याचे सभासद देऊ करतील, तर ठराव लवकर मंजूर होतो.

ठेकेदारांकडून किमान तीन लेखी दर घ्या आणि प्रत्येकाला हेच विचारा: मालाचं नाव काय, जाडी किती मिलीमीटर, घनता किती, वरचा थर कशाचा, एकूण वजन किती वाढेल, उतार किती, आणि हमी गळतीची आहे की नुसत्या रंगाची. ‘चौरस फुटाला इतके’ एवढाच दर देऊन बाकी तोंडी सांगणाऱ्याला काम देऊ नका.

पायाखालची बाजू

थंड देशांत जमिनीखालूनही इन्सुलेशन करतात. आपल्याकडे ते करू नका. चार-पाच मीटर खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं, त्या गावच्या सरासरीइतकं असतं. नागपुरात ते २७ अंशांच्या आसपास भरतं. मे महिन्यात तळमजल्याची शहाबादी फरशी पायाला गार लागते ती या जमिनीमुळे. तिच्यावर गालिचा किंवा लाकडी दिसणारी व्हिनाइल अंथरून तो फुकटचा गारवा झाकून टाकू नका. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी थंडीत गोष्ट वेगळी, पण तिथेही सतरंजी पुरते.

खालच्या बाजूचा खरा प्रश्न ओलीचा, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर. ओल दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट. म्हणून आधी तपासणी. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या, तो फरशीवर किंवा भिंतीच्या तळाशी ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले, तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या बाजूला दिसले, तर दमट हवेतली वाफ गार फरशीवर जमते आहे.

जमिनीतून चढणारी ओल भिंतीत तीनेक फुटांपर्यंत जाते, रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा धरतो. त्यावर टाइल्स किंवा ऑइलपेंट लावून ती झाकायचा प्रयत्न केला, तर ओल टाइल्सच्या वर चढते. आधी घराबाहेर बघा. अंगणातली माती किंवा फरशी जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर चढली आहे का? चढली असेल तर ती निदान सहा इंच खाली घ्या. अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेला हवा. पागोळ्यांचं पाणी भिंतीशी पडत असेल तर पन्हळ लावा. बाथरूमचे नळ आणि ड्रेनेज गळतात का, ते बघा. एवढ्यानंच बऱ्याच घरांची ओल निम्म्यावर येते. जुन्या दगडी-मातीच्या भिंतींना आतून सिमेंटचा नाही, चुन्याचा गिलावा द्या. त्यातून भिंतीला सुकायला वाट मिळते. ओल तरीही राहिली, तर भिंतीच्या तळाशी भोकं पाडून रसायन भरण्याची पद्धत आहे, पण ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

फरशीला पावसाच्या तोंडावर घाम फुटतो, तो दुसरा प्रकार. तिथे खोदकाम करून काही होत नाही. दमट, ढगाळ दिवशी सकाळी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की उलट वाफ आत येते. त्या वेळी खिडक्या ओढून पंखा चालू ठेवा आणि ऊन पडल्यावर घर उघडा. गाद्या, पोती, लाकडी कपाटं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

नवं घर बांधत असाल तर दोन गोष्टी आताच होतात, नंतर कधीच नाहीत: फरशीच्या काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचं प्लास्टिक आणि जोत्याच्या पातळीवर सलग ओलरोधक थर. वाळवीचं औषधही तेव्हाच.

कधी काय करायचं

पावसाळ्यात गळती आणि ओलीच्या जागा शोधून वहीत मांडून ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी हा वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशनचा हंगाम. फेब्रुवारी-मार्चमध्ये चुना, रंग, शेडनेट. एप्रिलमध्ये काम काढलंत, तर मिस्त्री मिळणार नाही, मिळाला तर दर चढा असेल आणि रंग भर उन्हात सुकेल.

पैसे थोडे असतील, तर चुना आणि पश्चिमेला सावली. थोडे जास्त असतील, तर परावर्तक रंग आणि पत्र्याखाली हवेशीर छत. गच्ची उघडायचीच असेल, तर निदान एक इंची बोर्ड. एवढं झाल्यावरही खोली तापत असेल, तर एसी अवश्य घ्या, पण टनांचा हिशेब छप्पर नीट झाल्यावरच करा.